म्हशीजवळ बसला होतास तसा

आशाताईंच्या वहीत एक रकाना आहे,
'सोबत कोण?'
सातव्या महिन्यापर्यंत तो कोराच होता.
सासूबाई म्हणाल्या, "मी येतो नं वो,"
आणि गुडघ्याला हात लावून तिथंच बसल्या.
माहेरी जायचं तर आई नाही,
वहिनीकडे एकच खोली, आणि तिलाही सहावा.
मग मी तुझं नाव सांगितलं.
लीनाताईंचा पेन थांबला.
"रेवनाथभाऊ? त्यायले तं रक्त पाहून चक्कर येते."
मी म्हटलं, लिहा.

त्यांना आखाडातली ती रात्र माहीत नाही.
काळी म्हैस अडली होती,
गोठ्यात गुडघाभर तणस, छपरावर पाणी,
डॉक्टर अड्याळला आणि फोन लागत नव्हता.
तू काही बोलला नाहीस.
बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून
घमेल्याआड ठेवलास,
तिच्या कमरेवर तळवा टेकवून बसलास.
ती उठली की उठायचास,
ती फिरली की फिरायचास.
मुनीश्वर दोर घेऊन धावत आला, "ओढा! ओढा!"
त्याला तू नुसत्या मानेनं बाहेर घातलंस.
मी दारात उभी होते. तेव्हा माझ्या पोटात
काही नव्हतं.
किंवा असेलही.

आता रोज जेवणं उरकली की
खाट भिंतीला लावून आपण सराव करतो.
श्वास नाकानं आत,
तोंडानं बाहेर, बशीतला चहा फुंकावा तसा.
तू मोजायचं असं ठरलंय,
आणि तुला मोजणं फक्त पायलीचं येतं.
"लाभ... दोन... तीन..."
मला हसू फुटतं, श्वास सांडतो,
आतून एक लाथ बसते,
आणि तू पुन्हा लाभापासून सुरू करतोस,
खळ्यावर धान मोजावं तितक्या गंभीरपणे.

कमरेवर कुठे दाबायचं ते तुला आता अंधारातही सापडतं.
आधी मीठ चोळल्यासारखा दाबायचास.

पिशवी खुंटीला आहे.
सासूबाईंचं लुगडं धुऊन धुऊन मऊ केलंय,
त्यात कागद, त्यात दोनशेच्या दोन नोटा.
तळाशी तू गुपचूप ठेवलेलं विडीचं बंडल
मी काढून फेकणार होते.
मग वाटलं, राहू दे,
त्या रात्री तुझ्याही हातांना काही लागेल.

परवा दिवा मालवल्यावर म्हणालास,
"मले भेव लागते.
म्हशीले बोलता येत नाही, म्हून जमलं.
तू तं शिव्या देशील. मी का करू?"
मी म्हटलं, खाय शिव्या.
बराच वेळ तू हसला नाहीस. मग हसलास.
तुझा हात माझ्या पोटावर होता,
त्याला घाम आला होता.

नवी नर्सबाई माणसांना आत घेत नाही म्हणतात.
लीनाताई बोलून बघणार आहेत.
नाहीच घेतलं तर
मागच्या बाजूला पाण्याची टाकी आहे,
तिच्यावर एक झरोका.
तिथं उभा राहा आणि मोज.
लाजू नकोस. हाटात भाव सांगतोस ना,
तेवढ्या आवाजात.
मला शब्द नकोत.
"धीर धर" म्हणायला तिथं चारजणी असतील.

आज पहाटे तू टोपली घेऊन मोहाखाली गेलास
आणि माझं पोट दगडासारखं झालं.
सासूबाईंना उठवलं नाही.
चुलीपाशी दोन्ही हात टेकून मोजत राहिले,
लाभ, दोन, तीन...
सतरावर सुटलं.
ताई म्हणतात अशी खोटी दुखणी येतात, घाबरायचं नाही.
टोपली भरू दे तुझी,
यंदा मोह चांगला टपकतोय.
पण फोन झाडाच्या बुंध्याशी ठेवत जाऊ नकोस,
खिशात ठेव.